कोर्ग मोनोलॉग: टोन विकत घ्यायच्या आधी एकदा टोन बनवायला शिका

सांगली-मिरजेकडं कीबोर्ड वाजवणाऱ्यांची काही कमी नाही. ऑर्केस्ट्रात आहेत, बेंजो पार्टीत आहेत, भजनी मंडळात आहेत, लग्नाच्या स्टेजवर आहेत, आणि हात एवढे तयार असतात की गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्या वेळी वाजवून दाखवतात. पण "हा आवाज असा का येतोय, यात काय बदललं की तो अजून मऊ होईल" असं विचारलं की बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, टोन आहे तो, पेनड्राइव्हवरनं टाकलाय. सनई पाहिजे, टोन घ्या. तुतारी पाहिजे, टोन घ्या. आणि तो टोन गाण्यात बसला नाही तर दुसरा टोन घ्या. मला यातच अडकल्यासारखं व्हायला लागलं होतं. वाजवायला येत होतं पण आवाज माझा नव्हता, म्हणून साउंड डिझाइन मुळापासून शिकायचं ठरवलं आणि त्यासाठी कोर्ग कंपनीचं मोनोलॉग घेतलं. आता बराच काळ ते रोज हाताखाली आहे, त्यामुळं जे लिहितोय ते वापरून लिहितोय.

आधी मशीन काय आहे ते सांगतो, कारण इकडं सिंथेसायझर म्हटलं की लोकांना ऱ्हिदम वाजणारा मोठा कीबोर्डच वाटतो. हे तसलं नाही. यात तबला नाही, ऱ्हिदम नाही, पियानो नाही, स्पीकरसुद्धा नाही. २०१७ मध्ये बाजारात आलेला हा छोटा अ‍ॅनालॉग सिंथ आहे, म्हणजे यात आवाज रेकॉर्ड केलेला नसतो, आतल्या सर्किटमध्येच तयार होतो, २५ बारक्या पट्ट्या, वजन पावणेदोन किलोच्या आत, आणि एका वेळी एकच सूर वाजतो. हो, एकच. कॉर्ड दाबली तरी एकच सूर येणार. आतमध्ये खरे इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटर (मूळ सूर तयार करणारे) आहेत दोन, एक फिल्टर (आवाजातला वरचा भाग कापणारा), एक एन्व्हलप (आवाज कसा चढतो-विरतो ते ठरवणारा), एक एलएफओ (एखादी गोष्ट आपोआप सावकाश हलवत ठेवणारा), आणि १६ स्टेपचा सिक्वेन्सर (सुरांचा तुकडा लक्षात ठेवून परत परत वाजवणारा). आवाजाशी संबंधित जवळजवळ प्रत्येक गोष्टीला वर स्वतःचा नॉब नाहीतर खटका आहे. आणि उजव्या बाजूला एक छोटी स्क्रीन, जिच्यावर तुम्ही वाजवताय त्या आवाजाची लाट तिथल्या तिथं दिसते.

एकच सूर वाजणारं मशीन एवढे पैसे देऊन कशाला घ्यायचं, असं मला आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकानं विचारलं. माझं उत्तर असं की शिकणाऱ्यासाठी हाच याचा सगळ्यात मोठा गुण आहे. कॉर्ड वाजवता येत नाही म्हटल्यावर बोटांचं कौशल्य बाजूला पडतं आणि कान कामाला लागतो. एक सूर धरायचा आणि फक्त त्याचा रंग बदलत बसायचं, दुसरं काही करताच येत नाही. गाणं शिकताना पहिल्यांदा नुसता सा लावायला बसवतात ना, तेच.

शिकायला सुरुवात कुठनं करायची ते सांगतो कारण इथंच लोक भरकटतात. मशीनमध्ये १०० आवाज साठवायच्या जागा आहेत, पहिल्या ८० मध्ये कंपनीनं आवाज भरून दिलेत आणि उरलेल्या २० तुमच्यासाठी. ते ८० ऐकायला भारी आहेत, एखादी संध्याकाळ ऐका मनसोक्त, पण शिकायला बसताना ८१ च्या पुढं जा. तिथं साधा, काहीही न केलेला आवाज असतो. तयार आवाजात आधीच पंधरा गोष्टी चालू असतात, त्यात कुठला नॉब काय करतोय हे नवीन माणसाला कळत नाही. शिवाय तयार आवाज लोड केला की वरचे नॉब जिथल्या तिथं असतात आणि आतली व्हॅल्यू वेगळी असते, त्यामुळं नॉबला हात लावला की आवाज एकदम उडी मारतो. सेटिंगमध्ये नॉबचा मोड बदलता येतो, जंप, कॅच आणि स्केल असे तीन आहेत, कॅचवर ठेवलं की नॉब जुन्या व्हॅल्यूपर्यंत पोचल्यावरच काम चालू करतो. ते एवढं करून घ्या.

आता मुद्द्याचं. साधा आवाज घ्या, पहिला ऑसिलेटर करवती लाटेवर ठेवा, म्हणजे स्क्रीनवर करवतीच्या दातांसारखी जी दिसते ती, दुसऱ्या ऑसिलेटरची लेव्हल शून्य करा. खालचा एक सूर दाबून धरा. कर्कश, भरलेला, जरा मधमाश्यांसारखा आवाज येईल. आता फिल्टरचा रेझोनन्स बऱ्यापैकी वाढवा आणि कट-ऑफचा, म्हणजे कुठल्या उंचीच्या वरचं कापायचं ते ठरवणारा, नॉब पूर्ण बंद करून अगदी हळू, खरंच अगदी हळू, वर आणा. काय ऐकू येतंय ते लक्ष देऊन ऐका. पहिल्यांदा तुमचा सा. मग तार सा. मग त्याच्या वरचा पंचम. मग अजून वरचा सा. आणि मग गांधार. तुम्ही तो वाजवलेला नाही, बोट एकाच पट्टीवर आहे, पण गांधार स्वच्छ ऐकू येतो. त्यानंतर परत पंचम, आणि त्याच्यावर एक थोडा उतरलेला कोमल निषाद.

तानपुऱ्याजवळ बसलेल्या माणसाला हा गांधार ओळखीचा आहे. स्वयंभू गांधार म्हणतात तोच. करवती लाटेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा सगळ्या कंपनसंख्या आधीच भरलेल्या असतात, दुप्पट म्हणजे तार सा, तिप्पट म्हणजे वरचा पंचम, पाचपट म्हणजे गांधार, आणि वर जाईल तसा त्यांचा जोर कमी होत जातो, दुसऱ्याचा अर्धा, तिसऱ्याचा एक तृतीयांश असा. फिल्टर नवीन काही घालत नाही, तो फक्त वरचं कापतो, आणि रेझोनन्स कापायच्या कडेवर जो सूर असेल त्याला उचलून दाखवतो. हे मी आधी कितीतरी व्हिडिओत ऐकलं होतं, हार्मोनिक्स आणि ओव्हरटोन्स आणि आलेख, डोक्यात काही बसलं नव्हतं. नॉब हळू फिरवताना गांधार कानावर आला तेव्हा सगळं एकदम जागेवर बसलं.

आणि आपण मिरजेच्या शेजारी राहतो. सतारमेकर गल्लीतली घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात, एकोणिसाव्या शतकात शिकलगार मंडळी शस्त्रांचं काम सोडून तंतुवाद्यांकडं वळली, त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. त्या गल्लीत जिवारी लावताना कधी उभं राहून बघा. तारेखालचा दोरा घोडीवर केसभर सरकवतात आणि बंद आवाज एकदम खुलतो, अजून जरा सरकवला की परत मिटतो. तार तीच, सूर तोच, फक्त वरचे स्वर किती आणि कसे बाहेर येऊ द्यायचे हे त्या दोऱ्यानं ठरतं. मी एका चाचांच्या दुकानात हे मशीन पिशवीतनं काढून हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि कट-ऑफ हळू फिरवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "जिवारी खुलतीय बघ." मग स्वतः नॉब हातात घेतला आणि पहिल्याच फेरीत ते बरोबर त्या जागेला थांबले जिथं आवाज सगळ्यात गोड होता. मला ती जागा शोधायला बराच वेळ लागायचा. साउंड डिझाइन हे परदेशातलं, कॉम्प्युटरवाल्यांचं काहीतरी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं, आवाजाचा रंग हातानं घडवायचं काम आपल्या शेजारच्या गावात दीड-दोनशे वर्षं चालू आहे आणि ते करणाऱ्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी पुढं आहेत.

पुढचा धडा चौकोनी लाट. खटका सरकवून करवतीवरनं चौकोनावर या. आवाज पोकळ होतो. का, तर यात दुप्पट, चौपट, सहापट हे समसंख्येचे स्वर नसतात, फक्त एक, तीन, पाच, सात. म्हणजे तार सा गायब, सरळ पंचम आणि गांधार. बँडमधलं क्लॅरिनेट असंच का वाजतं ते इथं कळतं, सरळ नळी असल्यामुळं त्याच्या खालच्या सुरांत विषम स्वरच जास्त येतात, आणि सनई पुढं रुंद होत जाणारी असल्यामुळं तिच्यात सगळे येतात म्हणून ती भरलेली आणि धारदार. हे कळल्यावर सनईसारखा आवाज करायला कुठली लाट घ्यायची हे शोधत बसावं लागत नाही. चौकोनावरच शेप नावाचा नॉब फिरवला की चौकोन अरुंद होत जातो, स्क्रीनवर दिसतं ते, आणि आवाज नाकातनं आल्यासारखा होतो. त्या शेपला एलएफओ लावला आणि अगदी सावकाश हलवला तर एकच ऑसिलेटर दोघांसारखा वाजतो.

मग दुसरा ऑसिलेटर उघडा, दोन्हीकडं करवत ठेवा आणि एक किंचित उतरवा. ४४० आणि ४४१ असतील तर सेकंदाला एक लाट ऐकू येते, फरक वाढवला की लाट भरभर. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा जुळवताना आपण ती लाट थांबवायला बघतो, इथं मुद्दाम थोडी ठेवायची, आवाज रुंद होतो. दुसऱ्या ऑसिलेटरला चौकोन नाही, त्या जागेवर नॉइज आहे, म्हणजे नुसता सूंऽऽ असा फुसफुसाट. हे काहींना खटकतं, मला नाही, कारण नॉइजशिवाय झांज, लेझीम, चिपळ्या यातलं काहीच होत नाही.

ताल वाद्यांवर मी सगळ्यात जास्त रमलो. ढोलाचा टिपरूवाला घाव बनवायचा असेल तर त्रिकोणी लाट घ्या, एन्व्हलपचा प्रकार ए-डी ठेवा, अटॅक (चढायचा वेळ) शून्य, डिके (विरायचा वेळ) थोडा, टार्गेट (एन्व्हलप कशाला लावायचा ते) पिच, आणि इंटेन्सिटी (किती जोरात लावायचा ते) वाढवत जा. सूर वरनं पटकन खाली घसरतो आणि कानाला तो ठोका वाटतो. डिके कमी केला तर हलगीकडं जातो, जास्त केला तर ढोलाच्या जाड बाजूकडं. वरनं ड्राइव्हचा, म्हणजे आवाज मुद्दाम जरा फाडणारा, नॉब थोडा दिला की कातडं ताणल्यासारखं वाटतं. टाळासाठी रिंग वापरायचा. रिंग मॉड्युलेशन म्हणजे दोन ऑसिलेटरची बेरीज आणि वजाबाकी, एक ३०० वर आणि दुसरा ४४० वर असेल तर साध्या लाटांना ७४० आणि १४० मिळतात, हे एकमेकांशी सुरात बसत नाहीत म्हणून आवाज धातूसारखा होतो. दुसऱ्या ऑसिलेटरचा पिच हळूहळू फिरवत राहा, एका ठिकाणी टाळ सापडतो, जरा पुढं देवळातली घंटा. हुबेहूब नसतो, हे आधीच सांगतो. रेकॉर्ड केलेल्या टोनइतकं खरं काहीच वाटणार नाही. पण गाण्यात बसवायला तो जास्त सोपा जातो कारण लांबी, धार, उंची सगळं आपल्या हातात असतं.

एक गोष्ट मात्र घ्यायच्या आधी नीट समजून घ्या, एन्व्हलप एकच आहे आणि तो पण पूर्ण चार नॉबांचा नाही. अटॅक आणि डिके एवढेच नॉब, आणि एक खटका तीन जागांचा. ए-डी वर आवाज येतो आणि पट्टी दाबून धरली तरी विरतो. ए-जी-डी वर धरलंय तोपर्यंत टिकतो, सोडल्यावर विरतो. गेटवर आवाज नुसता चालू-बंद होतो आणि एन्व्हलप फिल्टरला नाहीतर पिचला वापरायला मोकळा राहतो. म्हणजे आवाज हळू चढवायचा आणि त्याच वेळी फिल्टर वेगळ्या गतीनं उघडायचा असं इथं होत नाही. व्हायोलिनसारखी कमान हवी असेल तर एलएफओचा वन-शॉट (एकदाच हलून थांबणारा) मोड दुसऱ्या एन्व्हलपसारखा वापरता येतो, तेवढी पळवाट आहे, पण नवशिक्याला ती दुसऱ्या टप्प्यावरच जमते. फिल्टर पण एकाच उताराचा आहे, टू-पोल, म्हणजे कट-ऑफच्या वर एक सप्तक गेलं की पातळी साधारण चौथाईवर येते. मऊ उतार आहे. जाड, एकदम बंद होणारा बास हवा असेल तर फोर-पोलवालं, म्हणजे याच्या दुप्पट तीव्र उताराचं, दुसरं मशीन बघा, याचा स्वभाव जरा चरचरीत आहे आणि ड्राइव्ह दिला की अजून चरचरतो. मला आवडतो, सगळ्यांना आवडेल असं नाही.

आता ज्या कारणासाठी मी हेच मशीन घेतलं, दुसरं नाही, ते म्हणजे मायक्रोट्यूनिंग. यात प्रत्येक पट्टी सेंटच्या (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) हिशोबात वर-खाली करून स्वतःची सप्तक साठवता येते. या सोयीसाठी कोर्गनं एफेक्स ट्विन या इंग्लंडमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचा सल्ला घेतला होता आणि त्याच्या काही ट्यूनिंग आत दिल्यात पण. आपल्याला याचं मोल जास्त आहे. पेटीचा किंवा कीबोर्डचा शुद्ध गांधार सा पासून ४०० सेंटवर असतो, तानपुऱ्यातनं जो स्वयंभू येतो तो ३८६ वर. १४ सेंटचा फरक. गाणारा माणूस पेटी बेसूर म्हणतो ती यामुळंच, आकाशवाणीनं तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदीच घातली होती. मी एक यूझर ऑक्टेव्ह केली, गांधार १४ नं खाली, पंचम दोननं वर, कोमल गांधार १६ नं वर, शुद्ध धैवत १६ नं खाली, आणि खाली सा चालू ठेवून ऐकलं. घरात आई रोज अभंग म्हणते, संगीत शिकलेली नाही, तिनं स्वयंपाकघरातनं विचारलं, "आज काय वेगळं लावलंयस, कानाला बरं वाटतंय." मी काही सांगितलं नव्हतं तिला.

यात स्केलची किल्ली पण बदलता येते, म्हणजे सा काळी एक वरनं काळी चार वर न्यायचा असेल तर सगळं ट्यूनिंग त्याच्याबरोबर सरकतं, परत पट्टी-पट्टी लावत बसायला लागत नाही. मींडेसाठी पोर्टामेंटो आहे, आणि डावीकडं स्प्रिंगवाली जी तिरकी कांडी आहे ती पिच बेंडला लावून रेंज वाढवली की हळूहळू आंदोलनही जमायला लागतं, कोमल गांधारावर थांबून कांडी अगदी थोडी हलवायची. सराव लागतो. माझ्या हाताला अजून दरबारीतला गांधार नीट आलेला नाही, पण रस्ता दिसतोय.

पट्ट्यांबद्दल पेटीवाल्यांना एक सूचना. या २५ पट्ट्या सी पासून चालू होत नाहीत, ई पासून ई पर्यंत आहेत, म्हणजे पहिलीच पट्टी पांढरी तीन. बेस गिटारची खालची तार ई असते म्हणून बहुतेक अशी मांडणी असावी. पहिले काही दिवस हात चुकीच्या जागी पडतो, मग सवय होते. पट्ट्या बारीक आहेत, जाड बोटांच्या माणसाला द्रुत सरगम अवघड जाईल. ज्यांच्याकडं आधीच मोठा कीबोर्ड आहे त्यांनी मिडी केबलनं (कुठली पट्टी दाबली ते दुसऱ्या मशीनला कळवणारी) जोडून त्याच्यावरनं वाजवावं, आवाज याचा, पट्ट्या त्याच्या. मिडीचे दोन्ही सॉकेट मागं आहेत.

सिक्वेन्सरबद्दल थोडक्यात. १६ बटणं, १६ मात्रा, तीनताल अगदी बरोब्बर बसतो. झपतालाला स्टेपची संख्या कमी करून दहावर आणता येते. आणि मोशन म्हणून एक सोय आहे, सिक्वेन्स चालू असताना नॉब फिरवला की ते फिरवणं पण रेकॉर्ड होतं, चार नॉबांपर्यंत. शिकणाऱ्याला याचा फायदा असा की हात मोकळे होतात, मशीन तोच तुकडा वाजवत राहतं आणि तुम्ही दोन्ही हातांनी आवाज घडवत बसता. मी तर नवीन काही शिकायचं असलं की आधी आठ मात्रांचा साधा तुकडा लावून देतो आणि एक-एक नॉब घेऊन बसतो.

वीज हा आपल्याकडचा विषय आहेच. हे सहा पेन्सिल सेलवर चालतं, कंपनी साधारण आठ तास सांगते, आणि उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की मी गच्चीच्या जिन्यात हेडफोन लावून बसतो, काही अडत नाही. चार्जिंगचे चांगले सेल घेतले तर खर्च वाचतो. अ‍ॅडाप्टर बॉक्समध्ये येत नाही, वेगळा घ्यायला लागतो, नऊ व्होल्टचा. इथं एक कळकळीची विनंती, गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नऊ व्होल्टचा म्हणून कुठलाही हातात देतात, मला असाच एकानं उलट पोलॅरिटीचा दिला होता, सुदैवानं लावायच्या आधी पिनेजवळचं चिन्ह बघितलं. मशीनच्या मागं जे चिन्ह छापलंय ते आणि अ‍ॅडाप्टरवरचं चिन्ह जुळतंय का बघा, आणि अ‍ॅम्पियर पण बघा, नाहीतर सरळ कंपनीचाच मागवा.

अ‍ॅनालॉग आहे म्हटल्यावर तापमानाचा परिणाम होतो. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पत्र्याखालच्या खोलीत चालू केल्यावर सूर जरा हलतो, थोडा वेळ गरम होऊ द्यायचं आणि मग तानपुऱ्याशी मिळवून घ्यायचं. डिजिटल कीबोर्डची सवय असलेल्यांना हा त्रास वाटेल. वाद्य वाजवायच्या आधी जुळवायची ज्यांना सवय आहे त्यांना वाटणार नाही.

इफेक्ट एकही नाही यात, ना रिव्हर्ब, ना एको. सुरुवातीला आवाज फार कोरडा वाटतो, बाकीच्या सिंथच्या व्हिडिओंमध्ये जो घुमणारा आवाज ऐकतो तो इफेक्टचा असतो हे तेव्हा कळतं. मला वाटतं शिकताना कोरडाच बरा, रिव्हर्बमध्ये सगळं झाकलं जातं आणि फिल्टरनं नक्की काय केलं ते ऐकू येत नाही. पण स्टेजवर न्यायचं असेल तर मिक्सरमधला एको द्यावाच लागणार. आउटपुट पण मोनो आहे, मागं मोठ्या पिनेचं. लॅपटॉपला यूएसबी जोडली की फक्त मिडी जातं, आवाज जात नाही, रेकॉर्डिंगला ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) लागतोच, हे न कळल्यामुळं बरेच जण मशीन खराब आहे म्हणून परत पाठवायला निघतात. कोर्गचं साउंड लायब्ररियन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातनं स्वतःचे आवाज लॅपटॉपवर जपून ठेवता येतात, ते मात्र जरूर करा.

पर्याय विचारणाऱ्यांसाठी. पैसे अजिबात नसतील तर मशीन घेऊच नका, लॅपटॉपवर व्हायटल किंवा सर्ज एक्सटी टाका, दोन्ही फुकट मिळतात आणि ताकदीनं या मशीनपेक्षा कितीतरी मोठे आहेत. मी वर सांगितलेला गांधाराचा प्रयोग त्यात पण होतो, लाट पण दिसते. फरक एवढाच की माउसनं एका वेळी एकच नॉब फिरतो आणि पडद्यावर चारशे गोष्टी दिसतात, नवीन माणूस फिरवण्यापेक्षा बघण्यातच जास्त वेळ घालवतो. कोर्गचंच व्होल्का कीज २०१३ पासून आहे, स्वस्त, छोटं, स्पीकरसकट, पण त्यात बनवलेला आवाज साठवता येत नाही, लिहून ठेवायचा नाहीतर फोटो काढायचा. आर्टुरियाचं मायक्रोफ्रीक मित्राकडं वाजवलंय, फार कल्पक मशीन, पण त्यात ऑसिलेटरचे इतके प्रकार आहेत की करवत आणि चौकोन कानात पक्के व्हायच्या आधीच माणूस पुढच्या प्रकारावर उडी मारतो. ते दुसरं मशीन म्हणून घ्या. मिनीलॉग म्हणजे मोनोलॉगचा थोरला भाऊ, २०१६ चा, चार सूर एकदम वाजतात, पूर्ण चार नॉबांचे दोन एन्व्हलप आहेत, डिले आहे. बजेट असेल आणि कॉर्डशिवाय चालतच नसेल तर तो घ्या, काही हरकत नाही.

किंमत मी इथं लिहीत नाही कारण ती आयातीवर आणि डॉलरवर हलत असते, बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत ३०० डॉलरच्या आसपास होतं एवढा अंदाज घ्या. आपल्याकडं सांगलीत, अगदी कोल्हापुरात सुद्धा, हे दुकानात ठेवलेलं मला दिसलं नाही. मुंबई-पुण्यातनं मागवायचं नाहीतर सेकंडहँड शोधायचं. सेकंडहँड घेताना मी सांगतो तेवढं समोर बसून तपासा. प्रत्येक नॉब हळू फिरवून बघा, मध्येच व्हॅल्यू थरथरली किंवा उडाली तर आत धूळ गेलीय, आपल्याकडच्या रस्त्याच्या कडेच्या घरांत हे लवकर होतं. सगळ्या पट्ट्या एकाच जोरानं वाजवा, एखादी जास्त जोरात वाजली तर खालचा रबर गेलाय. कांडी सोडल्यावर मधोमध येते का बघा, आणि तेव्हा सूर बरोबर जागेवर येतो का ते मोबाइलच्या ट्यूनरवर बघा. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी पावडर दिसली तर सेल आत फुटलेत, किंमत पाडून मागा नाहीतर सोडून द्या. ऑक्टेव्हचा खटका पाचही जागांवर लागतो का बघा. आणि शेवटी ८१ नंबर लोड करून करवत लावा, कट-ऑफ हळू फिरवा, गांधार स्वच्छ आला तर पैसे द्या.

मिरज, विटा, तासगाव भागात कुणी असंच शिकत असेल तर कमेंटमध्ये सांगा. माझ्याकडं शुद्ध गांधारवाली ट्यूनिंग आणि टाळ, ढोल, हलगी यांचे आवाज लायब्ररियनच्या फाइलमध्ये आहेत, पाठवतो, पैसे नकोत. पण एक अट, ते आवाज उघडून त्यातला प्रत्येक नॉब फिरवून बघायचा आणि तुमचा बदललेला आवाज मला परत पाठवायचा.